यंत्रांच्या नावावर खपवलेले निर्णय

अमेरिकेच्या १९२० च्या दशकाची गोष्ट सांगायची एक ठरलेली रीत आहे. महायुद्ध संपलं, हातात पैसा खुळखुळू लागला, बायकांनी केस कापले, जॅझ वाजू लागला, दारूबंदी असूनही दारूचा पूर वाहिला, जो तो शेअर घेत सुटला आणि ऑक्टोबर १९२९ मध्ये सगळा डोलारा कोसळला. माजले आणि भोगलं, असं आख्यानाचं वळण या गोष्टीला आपसूक मिळतं. ऐकायला ती रंगतदार आहेच. माझी तक्रार एवढीच, की तिच्यात सगळेच पापी ठरतात आणि त्यामुळे कोणाकडेच बोट दाखवता येत नाही.

हिची एक धाकटी बहीण आजकाल फार ऐकू येते. यंत्रं आली, जग बदललं, काही जण मागे राहिले. काळाच्या रेट्यापुढे कोणाचं काय चालणार, असं ती सांगते. कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या कुठल्याही परिसंवादात कोणीतरी हे वाक्य टाकतंच, आणि बाकीचे माना डोलावतात. १९२० चं दशक त्यांना पुरावा म्हणून फार आवडतं. तेच दशक नीट पाहिलं तर मला उलटं दिसतं. यंत्रांनी त्यात फार थोडं ठरवलं. कोणाला काय मिळायचं हे माणसांनी ठरवलं, आणि ती माणसं कोण, कुठे बसून त्यांनी ते ठरवलं, याच्या नोंदी शिल्लक आहेत.

शेअरबाजाराचं आधी उरकून टाकू. ‘जो तो शेअर घेत होता’ हे खरं नाही. देशाची लोकसंख्या बारा कोटींच्या घरात, आणि दलालांकडे खाती असलेली माणसं पंधरा लाखांच्या आसपास. बाजार कोसळला त्याची झळ सगळ्यांना लागली, पण जुगार खेळायला सगळे बसले नव्हते.

बदल मात्र खराखुरा होता आणि प्रचंड होता. १९२० साली शंभरातल्या साधारण पस्तीस घरांत वीज होती. १९३० पर्यंत दोनतृतीयांशांहून जास्त घरांत ती आली. २ नोव्हेंबर १९२० च्या रात्री पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल ध्वनिक्षेपित केले, तेव्हा ते ऐकणारे मूठभर हौशी लोक होते. दहा वर्षांत दर पाचातल्या दोन घरांत रेडिओ पोचला. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये ८५० डॉलरला मिळायची, ती दशकाच्या मध्यावर ३०० डॉलरच्या आत आली. आणि तेवढेही रोख नसतील तर हप्ते होतेच. जनरल मोटर्सने गाड्यांसाठी कर्ज देणारी स्वतंत्र कंपनी १९१९ मध्येच काढली होती. कर्ज काढून चैन करणं ही नामुष्की समजणाऱ्या समाजाने पाच-सात वर्षांत दारातली गाडी, स्वयंपाकघरातला शीतकपाट आणि दिवाणखान्यातला रेडिओ हप्त्यावर घ्यायला सुरुवात केली. इंडियाना राज्यातल्या मन्सी गावाचा त्या काळात बारकाईने अभ्यास झाला. त्यात अशी घरं सापडली जिथे मोटार होती, पण न्हाणीघरात टब नव्हता.

यावर नाक मुरडणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला त्यात मुरडण्यासारखं काही दिसत नाही. मैलोन् मैल पसरलेल्या त्या देशात, आठवडाभर कारखान्यात राबणाऱ्या माणसाला रविवारी कुटुंबासकट गावाबाहेर पडता येणं ही साधी गोष्ट नव्हती. विजेची इस्त्री आणि कपडे धुण्याचं यंत्र यांनी बायकांच्या कंबरेवरचा भार हलका केला, त्याबद्दल ती वापरणाऱ्या बायकांची फारशी तक्रार ऐकिवात नाही. प्रश्न यंत्र चांगलं की वाईट हा नाहीच.

आता मोटारीच्या टाकीत डोकावू. डिसेंबर १९२१ मध्ये ओहायोतल्या डेटन शहरात, जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिज्ली यांना आढळलं की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग अगदी थोडं मिसळलं तर इंजिनाची खडखड थांबते आणि जास्त दाबाचं, ताकदवान इंजिन बनवता येतं. अल्कोहोल मिसळूनही खडखड थांबते हे त्याच प्रयोगशाळेला ठाऊक होतं. पण अल्कोहोल कोणीही शेतकरी गाळू शकतो. त्याचं पेटंट घेऊन काय मिळणार? शिशाचं पेटंट घेता येत होतं. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्याच एका पंपावर हे पेट्रोल विकायला आलं. त्याचं नाव ठेवलं ‘इथाइल’. शिशाचा उल्लेख नावात कुठेच नाही, आणि तो चुकून राहिला असं मानायला मी तयार नाही. शिसं विषारी आहे ही काही त्या शतकाची नवी माहिती नव्हती. रोमन काळापासून ती होती.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीत, स्टँडर्ड ऑइलच्या बेवे इथल्या कारखान्यात हे संयुग बनवणाऱ्या कामगारांना भास होऊ लागले. काही जण इतके बेभान झाले की त्यांना बांधून ठेवावं लागलं. त्यातले पाच जण दगावले, कित्येक रुग्णालयात गेले. तिथले कामगार आधीपासूनच त्या वायूला ‘वेड्यांचा वायू’ म्हणत होते, म्हणजे काय चाललंय ते त्यांना दिसत होतं. वर्तमानपत्रांत बोंब उठल्यावर मिज्ली पत्रकारांसमोर आले. त्यांनी ते द्रव्य हातांवर ओतून घेतलं, हात धुतल्यासारखे चोळले, बाटली नाकाशी धरून मिनिटभर वास घेतला आणि सांगितलं की रोज असं केलं तरी काही होणार नाही. शिशाच्या विषबाधेमुळे १९२३ च्या सुरुवातीला खुद्द त्यांनाच काम सोडून फ्लॉरिडात हवापालटाला जावं लागलं होतं, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही.

मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सर्जन जनरलनी, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेच्या प्रमुखांनी, परिषद बोलावली. हार्वर्डच्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी आयुष्यभर कारखान्यांतल्या विषबाधांचा अभ्यास केलेला. त्यांनी निक्षून विरोध केला. येलचे यँडेल हेंडरसन यांचा मुद्दा आणखी दूरचा होता. कारखान्यातला कामगार तर मरेलच, पण रस्त्यारस्त्यांत जी शिशाची धूळ हळूहळू साचेल तिचं काय? कंपनीच्या बाजूने बोलणाऱ्याने या द्रव्याला देवाची देणगी म्हटलं. विक्री थांबली, तज्ज्ञांची समिती नेमली गेली. समितीने काही महिने मोटारचालक आणि गॅरेजमधले कामगार तपासले आणि जानेवारी १९२६ मध्ये सांगितलं की बंदी घालण्याजोगं कारण दिसत नाही, मात्र पुढेही अभ्यास चालू ठेवावा. विक्री सुरू झाली. पुढचा स्वतंत्र अभ्यास काही झाला नाही. कित्येक दशकं या विषयावरचं संशोधन उद्योगाच्याच पैशावर चाललं.

अमेरिकेच्या रस्त्यांवरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल पूर्ण बंद व्हायला १९९६ साल उजाडलं. भारतात ते फेब्रुवारी २००० मध्ये थांबलं. म्हणजे मुंबई-पुण्याच्या चौकांत बसची वाट पाहत आमच्या पिढीने जो धूर ओढला, त्याच्या मागे कुठेतरी १९२६ ची ती काही महिन्यांची तपासणी होती. आता ‘मोटार आली, प्रदूषण आलं, काय करणार’ असं कोणी म्हणालं तर त्याला विचारावंसं वाटतं की अल्कोहोल कोणी बाजूला सारलं?

शेतीतही असंच झालं, फक्त तिथे कोणी पत्रकार परिषद घेतली नाही. महायुद्धात युरोपला धान्य हवं होतं. अमेरिकी सरकारने शेतकऱ्याला पिकव म्हणून सांगितलं, गव्हाला बुशेलमागे (धान्य मोजायचं तिकडचं माप) दोन डॉलरच्या वर भाव बांधून दिला. शेतकऱ्याने कर्ज काढून जमीन घेतली, ट्रॅक्टर घेतला. १९२० मध्ये आधार निघून गेला आणि १९२१ मध्ये गहू साधारण एका डॉलरवर आला. कर्ज मात्र दोन डॉलरच्या हिशेबाने काढलेलं. त्यात आणखी एक गोम होती, जी फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. १९२० साली देशात अडीच कोटी घोडे आणि खेचरं होती, आणि त्यांच्या ओट्स-गवतासाठी कोट्यवधी एकर जमीन गुंतलेली होती. मोटार आणि ट्रॅक्टर आल्यावर जनावरं घटली, ती जमीन माणसाच्या धान्याला आणि कापसाला मोकळी झाली, आणि आधीच भरलेल्या बाजारात आणखी माल आला. ज्या यंत्राने शेतकऱ्याचं काम सोपं केलं त्यानेच त्याचं एक हक्काचं गिऱ्हाईक संपवलं.

इथपर्यंत यंत्राचा रेटा म्हणता येईल. पुढचं नाही म्हणता येत. १९२२ मध्ये संसदेने कारखान्यांच्या मालाला परदेशी स्पर्धा होऊ नये म्हणून आयात शुल्क चढवलं. शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींनी म्हटलं, मग आम्हालाही तसंच काही द्या. देशात शिल्लक राहणारा माल सरकारने घ्यावा आणि बाहेर विकावा. त्यासाठीचं मॅकनेरी-हॉगन विधेयक संसदेने दोनदा मंजूर केलं, आणि अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांनी १९२७ आणि १९२८ असं दोन्ही वेळा ते नाकारलं. सरकारने भाव ठरवणं त्यांना तत्त्वात बसत नव्हतं. कारखानदाराचा भाव शुल्काच्या भिंतीआड सांभाळणं बसत होतं. हमीभावाचे वाद ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला यात अपरिचित काही वाटू नये. त्या विधेयकात दोष नव्हते असं नाही; जास्त भाव मिळाला असता तर पीक आणखी वाढलं असतं, हा आक्षेप रास्त होता. पण त्याच्या जागी दुसरा उपाय वेळेत अमलात आला नाही, आणि बाजार कोसळण्याच्या आधीच, १९२१ ते १९२९ या ‘सुबत्तेच्या’ वर्षांत, देशातल्या पाच हजारांहून जास्त बँका बुडाल्या. बहुतेक सगळ्या लहान, खेड्यापाड्यांतल्या. महामंदी १९२९ मध्ये आली असं आपण म्हणतो. आयोवा आणि डाकोटातल्या शेतकऱ्याला ती आठ वर्षं आधीच भेटली होती.

शहरांत तरी सरळ होतं का? कारखान्यांत तासामागचं उत्पादन झपाट्याने वाढलं, मजुरी त्या वेगाने वाढली नाही. कारण शोधायला यंत्रशाळेत जायची गरज नाही. १९२२ मध्ये रेल्वे दुरुस्ती कारखान्यांतल्या सुमारे चार लाख कामगारांनी मजुरीतल्या कपातीविरुद्ध संप केला, तेव्हा महान्यायवादी डॉहर्टी यांनी न्यायालयातून असा मनाईहुकूम मिळवला की संपाला उत्तेजन देणारं बोलणंही गुन्हा ठरावं. संप मोडला. दशकाच्या सुरुवातीला पन्नास लाखांच्या आसपास असलेले संघटित कामगार अखेरीस पस्तीस लाखांवर आले. दुसरीकडे अर्थमंत्री अँड्र्यू मेलन, स्वतः देशातल्या अतिश्रीमंतांपैकी एक, यांनी सर्वांत वरच्या उत्पन्नावरचा कर ७३ टक्क्यांवरून २५ वर आणवला. १९२८ पर्यंत देशाच्या उत्पन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा वरच्या एक टक्का लोकांकडे जात होता. माल बनवणाऱ्यांच्या हातात माल विकत घ्यायला पुरेसे पैसे नव्हते. तो खड्डा हप्त्यांनी भरला जात होता.

आणि ज्या शहरांत हे सगळं चाललं होतं त्यांना संसदेत त्यांच्या वाट्याच्या जागाही मिळाल्या नाहीत. १९२० च्या जनगणनेत पहिल्यांदाच निम्म्याहून जास्त अमेरिकी लोक शहरी ठरले. राज्यघटनेप्रमाणे दर जनगणनेनंतर प्रतिनिधिगृहाच्या जागांचं फेरवाटप व्हायला हवं. ग्रामीण भागातल्या खासदारांनी ते दशकभर होऊ दिलं नाही. अमेरिकेच्या इतिहासात असं एकदाच झालं. (आपल्याकडे राज्यांच्या लोकसभेच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठलेल्या आहेत, त्यामागची कारणं वेगळी, पण आकड्यांना सत्ता घाबरते हे दोन्हीकडे दिसतं.)

जनगणनेचा एक वापर मात्र त्यांनी मोठ्या हिरिरीने केला. १९२४ च्या स्थलांतर कायद्यात प्रत्येक देशाचा कोटा ठरवला गेला. अमेरिकेत त्या देशात जन्मलेले जितके लोक राहतात त्याच्या दोन टक्के. हिशेब ताज्या १९२० च्या जनगणनेवरून करायचा की १९१० च्या? त्यांनी घेतली १८९० ची, चौतीस वर्षं जुनी. कारण इटालियन, पोलिश आणि रशियातले ज्यू मोठ्या संख्येने आले ते १८९० नंतर. यंत्रांमुळे मजूर नकोसे झाले म्हणून दारं लागली, असं कधीकधी सांगतात. मग त्याच कायद्यातून मेक्सिको का वगळला? कारण कॅलिफोर्निया आणि टेक्सासच्या बागायतदारांना स्वस्त मजूर हवे होते. आशियाई लोकांना तर जवळपास पूर्णच मज्जाव झाला.

त्याच्या आदल्या वर्षी भारतीयांचा निकाल लागला होता. भगतसिंग थिंद पंजाबातून आलेले, ओरेगॉनच्या लाकूड गिरण्यांत काम केलेले, महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात भरती झालेले. कायदा सांगत होता की नागरिकत्व ‘गोऱ्या’ माणसाला किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसाला मिळेल. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, कारण गोरा म्हणजे कॉकेशियन (तेव्हाच्या वंशशास्त्रातला एक मानववंश) आणि जपानी कॉकेशियन नव्हेत. थिंद यांच्या वकिलाने म्हटलं, ठीक; मानववंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियनच म्हणतात. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी त्याच न्यायालयाने उत्तर दिलं की शास्त्रज्ञ काय म्हणतात ते राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. तीन महिन्यांत निकष फिरला. दोन्ही निकाल एकाच न्यायमूर्तींनी लिहिले, जॉर्ज सदरलँड यांनी, ज्यांचा स्वतःचा जन्म इंग्लंडमधला.

थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचताच मराठी वाचक थांबेल असं. ते १९१४ पासून अमेरिकी नागरिक होते आणि कॅलिफोर्नियात वकिली करत होते. निकालानंतर सरकारने भारतीयांचं दिलेलं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली, आणि पंडितांवरही दावा लावला. ते हरले असते तर वकिली गेली असती, जमीन-जुमला धोक्यात आला असता, आणि त्यांच्या गोऱ्या अमेरिकी पत्नीचंही नागरिकत्व गेलं असतं, कारण नागरिकत्वाला अपात्र पुरुषाशी लग्न केलेल्या बाईला १९२२ चा कायदा ती शिक्षा देत होता. पंडितांनी वंशाचा वाद घातलाच नाही. त्यांचं म्हणणं, १९१४ चा निकाल तुम्हाला मान्य नव्हता तर तेव्हाच अपील करायचं होतं. आता सगळं आयुष्य त्यावर उभं राहिल्यावर तो उकरून काढता येणार नाही. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने ते मान्य केलं, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकायलाच नकार दिला, आणि उरलेले दावे सरकारला सोडून द्यावे लागले. काहींसाठी तोवर उशीर झाला होता. आज न्यू जर्सीत मराठी मंडळांचे गणपती थाटात बसतात. ती देशवार कोट्याची पद्धत मोडणारा कायदा १९६५ साली झाला नसता तर ते बसले नसते.

इथे कोणी म्हणेल की तुम्ही वेचून वेचून वाईट निर्णय काढता आहात. चांगलेही झाले. बायकांना मतदानाचा हक्क ऑगस्ट १९२० मध्ये मिळाला, आणि तो टेनेसीच्या विधिमंडळात हॅरी बर्न या चोवीस वर्षांच्या सदस्याने आईचं पत्र वाचून ऐनवेळी मत फिरवल्यामुळे मिळाला. मला हेच तर म्हणायचं आहे. तो हक्क कपडे धुण्याच्या यंत्रातून निघाला नाही. सत्तर-ऐंशी वर्षांची चळवळ आणि एक मत, एवढं त्याला लागलं. आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय बायकांना तो कागदावरच राहिला, कारण तिथल्या राज्यांनी तसं ठरवलं होतं.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत सोपा पुरावा विजेचा आहे. शहरं उजळली तेव्हा शेतांवर काय होतं? १९३० मध्येही दर दहा शेतांपैकी एकावरच वीज होती. शेतकऱ्याची बायको विहिरीचं पाणी हातपंपाने उपसत होती, चुलीवर तापवलेल्या लोखंडी इस्त्रीने कपडे करत होती, रॉकेलच्या दिव्यात स्वयंपाक उरकत होती. अनेक शेतांवर बॅटरीवर चालणारा रेडिओ मात्र आलेला, त्यामुळे शहरात काय मजा चालली आहे ते रोज संध्याकाळी ऐकू येत होतं. वीज कंपन्यांचं म्हणणं, मैलाला दीड-दोन हजार डॉलर खर्च, त्यावर दोन-तीन गिऱ्हाइकं, परवडत नाही. हवं तर शेतकऱ्याने खांबांचे पैसे आधी भरावेत. मिनेसोटातल्या रेड विंग गावाजवळ १९२३ पासून काही शेतांवर प्रयोग झाला, आणि वीज मिळाली तर शेतकरी ती भरपूर वापरतो, उत्पन्नही वाढवतो, असं त्यात दिसलं. कंपन्या हलल्या नाहीत. हे काळाच्या रेट्यात बसणारं नाही. तार तीच होती, खांब तोच, जनित्रही तेच.

१९३५ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाची यंत्रणा उभारली. कमी व्याजाचं दीर्घ मुदतीचं कर्ज सरकारने दिलं. शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या, स्वस्त आणि साधे खांब लांब अंतरावर रोवले, आणि मैलाचा खर्च हजार डॉलरच्या खाली आणला. आपल्याकडच्या सहकाराची सवय असलेल्याला ती सभासदवर्गणी, त्या संचालकांच्या बैठका लगेच ओळखीच्या वाटतील. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दहापैकी नऊ शेतांवर दिवा लागला होता. आणि ज्या कंपन्यांना दहा वर्षं परवडत नव्हतं, त्यांनी काय केलं? सहकारी संस्थेचा आराखडा कागदावर उतरला की तो भाग अडवायला त्या रातोरात आपल्या तारा ओढत, पैसेवाल्या चार-सहा शेतांपुरत्या, म्हणजे संस्थेचा हिशेब जुळू नये.